पडून असलेल्या मोटरसायकलची बॅटरी कशी सांभाळावी

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास दिसणारा प्रकार. गाडी धुऊन झाली, हँडलला झेंडूचा हार चढला, हळद-कुंकू लागलं आणि सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं टक्-टक्-टक्. गाडी पावसाळाभर कव्हरखाली उभी होती. किक मारायची म्हटलं तर एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही. धक्का मारावा, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पार बसली असेल तर चौघांनी मिळून पार्किंगभर पळवली तरी गाडी चालू होत नाही.

घरून काम असणारे, गाडी गावी ठेवून शहरात राहणारे, दोन-तीन महिने परदेशी जाणारे, किंवा रोज स्कूटर वापरून बुलेट फक्त ताम्हिणीपुरती काढणारे, अशा सगळ्यांना कधी ना कधी हा अनुभव येतो. त्यातले बहुतेक जण दर दीड-दोन वर्षांनी नवी बॅटरी घेतात आणि कंपनीला शिव्या घालतात. खरं तर नीट सांभाळलेली बॅटरी तीन-चार वर्षं सहज जाते, आणि सांभाळायचं म्हणजे एकच करायचं: गाडी उभी असताना बॅटरी भरलेली ठेवायची. पुढे जे काही सांगितलंय ते सगळं यासाठीच.

उभ्या उभ्या बॅटरी का बसते

मोटरसायकलची नेहमीची बॅटरी शिसे आणि गंधकाम्लाची. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असताना ते मऊ असतं, चार्जिंग मिळालं की विरघळून जातं. पण बॅटरी अर्धी रिकामी तशीच पडून राहिली, की काही आठवड्यांत त्याचे कडक खडे बनतात आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. याला सल्फेशन म्हणतात, आणि कमी वापराच्या गाड्यांच्या बहुतेक बॅटऱ्या यानेच मरतात.

भरलेली बॅटरी रिकामी होते ती दोन वाटांनी. एक म्हणजे तिची आपली आपण होणारी गळती. बॅटरी गाडीतून काढून कपाटात ठेवली तरी ही थांबत नाही. चांगल्या सीलबंद बॅटरीत २५ अंशांना महिन्याला तीन ते पाच टक्के, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट. म्हणजे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरच्या गाडीपेक्षा फार लवकर उतरते.

दुसरी वाट जास्त महागात पडते. चावी बंद असली तरी घड्याळ, ईसीयूची मेमरी, अलार्म आणि वरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर हे सगळे थोडा थोडा करंट ओढतच असतात. हिशोब सोपा आहे. ट्रॅकर २० मिलीअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर (एएच, बॅटरीची क्षमता मोजायचं माप) जातो. ८ एएचची बॅटरी आठ-नऊ दिवसांत अर्ध्यावर आली, तीही गाडी जागची न हलता.

आधी आपली बॅटरी कोणती ते बघा

सीट उचला किंवा डाव्या-उजव्या बाजूचं पॅनल काढा. कुठलं काढायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बहुधा मिळतं. बॅटरीवरच्या स्टिकरवर दोन आकडे शोधा: १२ व्होल्ट, आणि त्यापुढे एएच. शंभर सीसीच्या गाडीत हा आकडा ३-४ असतो, मोठ्या गाड्यांत ८ ते १४. तो लक्षात ठेवा, चार्जर घेताना लागणार आहे.

मग प्रकार बघा. अर्धपारदर्शक पांढरी पेटी, वर सहा बुचं आणि पोटावर अपर-लोअरच्या रेघा असतील तर ती पाण्याची बॅटरी. काळी, बुचं नसलेली, व्हीआरएलए किंवा मेंटेनन्स फ्री लिहिलेली असेल तर सीलबंद. तिला उघडायचा प्रयत्न करू नका. मेंटेनन्स फ्रीचा अर्थ एवढाच की पाणी घालावं लागत नाही, चार्जिंग लागतंच. लिथियमची बॅटरी असेल तर तिला तिचाच चार्जर लागतो आणि खालचे व्होल्टेजचे आकडे तिला लागू नाहीत.

मल्टिमीटर घ्या आणि मोजायला शिका

इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो घेतल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. हॉर्न जोरात वाजला म्हणजे बॅटरी चांगली, ही गॅरेजच्या बाकावरची परीक्षा आहे. हॉर्नला लागणारा करंट सेल्फच्या मानाने किरकोळ असतो. हॉर्न खणखणीत आणि सेल्फ मुका, असं खुशाल होतं.

मीटरची मूठ डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. काळी पिन काळ्या भोकात (त्यावर सीओएम लिहिलेलं असतं), लाल पिन व्होल्टचं चिन्ह असलेल्या भोकात. लाल टोक बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, काळं उण्याला. उलटं लागलं तर आकड्याआधी उणे चिन्ह दिसेल, काही बिघडत नाही.

मोजताना गाडी निदान पाच-सहा तास बंद असलेली हवी. चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि आपण खूश होऊन झोपतो. सकाळी चावी लावायच्या आधी मोजणं सगळ्यात चांगलं.

१२.७ किंवा वर: भरलेली. १२.४: पाऊण. १२.२: अर्धी. १२.० म्हणजे पावच उरली. साडेअकराच्या आसपास असेल तर बॅटरी रिकामीच समजा. हे आकडे थोडेफार इकडेतिकडे होतात, एजीएम (सीलबंद बॅटरीचाच एक प्रकार) बॅटरी भरली की १२.८-१२.९ दाखवते, पण नवशिक्याने एवढंच धरावं: १२.४ च्या खाली आली की चार्ज करायची. अजून गाडी चालू होतेय, मग कशाला, हा विचार इथेच नडतो. १२.२ वर असताना गाडी झटक्यात चालू होते आणि त्याच वेळी आत सल्फेट घट्ट होत असतं.

मीटर हातात आहेच तर आणखी दोन मापं घ्या. सेल्फ दाबताना दुसऱ्या कोणाला तरी मीटर बघायला सांगा. चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या आसपास किंवा वर टिकतं. साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा टर्मिनल ढिलं आहे. मग इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा, तीन-चार हजार आरपीएमपर्यंत. आकडा १३.५ ते १४.५ मध्ये हवा. तेरावरच अडला असेल तर चार्जिंग होत नाहीये, पंधराच्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला मानवेल अशी करणारा भाग) गेला आहे आणि तो नवीन बॅटरीही शिजवून काढेल. या दोन्ही वेळी आधी मिस्त्रीकडे जा. बॅटरी बदलून काहीच साधणार नाही.

चोर पकडायचा असेल तर

गाडी दहा दिवसांत बसते, बॅटरी नवी आहे, तर कोणीतरी करंट ओढतंय. मापणं अवघड नाही, पण इथे एक जागा सांभाळायची आहे. चावी काढून घ्या. बॅटरीची उण्याची वायर सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मूठ डीसी अँपिअरवर ठेवा. आता मीटरचं एक टोक सोडवलेल्या वायरला, दुसरं उण्याच्या टर्मिनलला धरा. गळती असेल तर ती आता मीटरमधून वाहते. मीटर जोडलेला असताना चावी लावू नका, सेल्फ तर अजिबात नको; मीटरचा फ्यूज उडेल, स्वस्तातल्या मीटरला फ्यूज नसेल तर मीटरच जाईल.

मीटरवर ०.०० दिसलं तर ठीक, दोन-तीन मिलीअँपिअरची गळती साध्या मीटरला या भोकावर दिसत नाही. ०.०२ म्हणजे पंधरा-वीस मिलीअँपिअर आले तर ट्रॅकर, अलार्म, मोबाइल चार्जिंगचं यूएसबी सॉकेट असं एकेक वेगळं करून पुन्हा मोजा. बाहेरून बसवलेलं यूएसबी सॉकेट थेट बॅटरीवर जोडलेलं असतं, त्यावरचा छोटा निळा एलईडी रात्रंदिवस पेटलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून ते चावीवर घ्या, म्हणजे चावी बंद की सॉकेट बंद.

काम झाल्यावर लाल पिन लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. ती दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला म्हणून टोकं बॅटरीला लावली, तर तो सरळ शॉर्ट आहे. ठिणगी उडते, टोकं वितळतात.

आणि मीटरने न सापडणारा चोर आपणच असतो. इंजिन लाल किल स्विचने बंद केलं आणि चावी तशीच राहिली, तर मीटर कन्सोल आणि मागचा दिवा चालूच. काही गाड्यांत हँडल लॉक करताना चावी एक घर पुढे गेली की पार्किंग लाइट लागतो. दिवसा तो दिसत नाही आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते. इंजिन बंद करायची सवय चावीनेच लावून घ्या.

किती दिवस उभी राहणार, त्यावर उपाय ठरवा

आठवड्यातून एकदा गाडी निघत असेल तर वेगळं काही करायला नको. अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा, पुरे.

खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायचं, हा उपाय मात्र सोडून द्या. आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडीचं चार्जिंग जेमतेम हेडलाइट आणि पंपाला पुरतं. आणि २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनासोबत लागतोच, तो बंद करायची सोय नाही. वर थंड इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ते उडून जाण्याइतका तो तापत नाही, आणि आतून गंजतो. बॅटरीला काही मिळत नाही, सायलेन्सर मात्र जातो.

महिन्यातून एकदा फेरी मारली की बॅटरी भरते, हा गैरसमज थोडा वेगळा. सेल्फने एकदा गाडी चालू करायला फार वीज लागत नाही, ती पाच-दहा मिनिटांत भरून निघते. खरा तोटा महिनाभराच्या गळतीचा असतो, दोन-तीन एएचचा. आणि शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते, त्याला काही तास लागतात. वीस मिनिटांच्या फेरीत ते होत नाही. म्हणून दर महिन्याला गाडी चालू होते, पण बॅटरी दर महिन्याला थोडी खालच्या पायरीवर राहते, आणि वर्षभराने एक दिवस टक्-टक्.

दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय: बॅटरी भरलेली असतानाच उण्याची वायर सोडून ठेवा. ट्रॅकर-घड्याळाची गळती थांबली, बॅटरीच्या आतली तेवढी राहिली. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जातील, एवढंच. त्याहून जास्त दिवस असतील, तर बॅटरी काढून घरात आणा आणि महिन्या-दीड महिन्याने चार्ज करा, किंवा गाडीजवळ प्लग असेल तर स्मार्ट चार्जर कायमचा लावून ठेवा. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये प्लग असतोच कुठे, आणि असला तर सेक्रेटरींची परवानगी हवी. त्यामुळे बहुतेकांना बॅटरी काढायलाच शिकावं लागतं.

बॅटरी काढणं आणि बसवणं

आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. लागतो तो स्क्रूड्रायव्हर, किंवा दहा नंबरचा पाना.

काढताना आधी उणे, मग अधिक. बसवताना आधी अधिक, शेवटी उणे. याला कारण आहे. गाडीची सगळी चेसिस उण्याला जोडलेली असते. उणं जोडलेलं असताना अधिकचा स्क्रू सोडवायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर शॉर्ट. उणं आधी सुटलेलं असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

छोट्या बॅटऱ्यांच्या टर्मिनलमध्ये एक सुटा चौकोनी नट असतो. स्क्रू निघाला की तो खाली घसरतो, बसवताना स्क्रूला सापडतच नाही, आणि बॅटरी तिरकी केली तर गाडीच्या पोटात कुठेतरी गडप होतो. नटाखाली स्पंजचा किंवा रबरी नळीचा छोटा तुकडा कोंबा, नट वर उचलून राहतो. दहा मिनिटांचा वैताग वाचतो.

पाण्याच्या बॅटरीला बाजूने एक बारीक नळी असते, आतला वायू आणि ॲसिडचे थेंब खाली रस्त्यावर सोडणारी. ती परत लावायला विसरू नका, आणि सीटखाली दुमडली नाही ना हेही बघा. नाहीतर ॲसिड चेनवर किंवा चेसिसवर ठिबकतं आणि रंग सोलून काढतं. ही बॅटरी उभीच न्यायची, पिशवीत आडवी टाकून नाही.

घरी चार्ज करताना

चार्जर निवडायचा नियम जुनाच आहे: एएचच्या एक दशांश अँपिअर. ८ एएचला ०.८, ४ एएचला ०.४. एक अँपिअरचा मोटरसायकलसाठीचा स्मार्ट चार्जर बहुतेक मोठ्या गाड्यांना चालतो. तो १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरतो, भरली की साडेतेराच्या आसपास उतरतो आणि तिथेच राखतो, म्हणून जास्त वेळ राहिला तरी बिघडत नाही. कारचा पाच-सहा अँपिअरचा चार्जर नको. चौकातल्या दुकानात बॅटरी 'तासाभरात फुल' करून देतात ती अशाच करंटवर. लहान बॅटरी तापते, तिचं पाणी उडतं, सीलबंद असेल तर फुगते. अर्धी बॅटरी ०.८ अँपिअरवर भरायला रात्र लागते, आणि ती लागू द्यावी.

जागा हवेशीर हवी. गॅलरी ठीक, बंद देवघर किंवा स्वयंपाकघर नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. आधी चिमटे बॅटरीला, मग प्लग चालू. काढताना आधी प्लग बंद. लहान मुलं आणि उदबत्ती दोन्ही लांब.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी दोन रेघांमध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात बाटली मिळते. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. एसीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं, तेही नको. ॲसिड तर कधीच ओतू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडेपर्यंतच पाणी घाला, चार्ज करा, मग वरच्या रेघेपर्यंत भरा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमते. सोडवलेल्या टर्मिनलवर खाण्याच्या सोड्याचं पाणी जुन्या टूथब्रशने लावा, फेस थांबला की पुसून कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात. पाण्याच्या बॅटरीची बुचं लावलेलीच असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो.

बसलीच तर

किक असेल तर किक. कार्ब्युरेटरची जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर चालू होते. नसेल तर दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून जंप. कारची बॅटरी चालते, पण कारचं इंजिन बंदच ठेवा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग कारच्या अधिकला. काळी कारच्या उण्याला, आणि शेवटचं टोक मोटरसायकलच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. गाडी चालू झाली की उलट्या क्रमाने काढा. आणि मग घरी नेऊन रीतसर चार्ज करा. पार बसलेली बॅटरी गाडीच्या चार्जिंगवर भरायला ठेवणं म्हणजे रेक्टिफायरवर विनाकारण ओझं.

रात्रभर चार्ज करून १२.७ आली, न वापरता दुसऱ्या दिवशी १२.२ वर घसरली, तर तिच्यात राम उरलेला नाही. डीसल्फेशनचं (सल्फेटचे खडे फोडायचं) बटण असलेले चार्जर थोडीफार मदत करतात, फार आशा धरू नका. नवी घेताना तेवढ्याच एएचची आणि तशीच टर्मिनलची बाजू असलेली घ्या. निर्मितीची तारीख बघा, कारण दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेली बॅटरी गाडीत पडलेल्या बॅटरीइतकीच खराब असते. कोरडी आलेली बॅटरी दुकानदार ॲसिड भरून लगेच हातात देतो, तेव्हा पहिलं चार्जिंग पूर्ण करून द्यायला सांगा, संध्याकाळी घ्यायला जा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापरापर्यंत पोचायला हवी, आणि बॅटरीचा दुकानदार ती परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रक्कम वजा करतो. भाव आधी विचारा, म्हणजे बिलात ती रक्कम दिसते.